जांभळ्या दोऱ्याच्या बाटल्या

वाटणीला रविवार धरला, कारण रविवारी लॉन्ड्रीचा बॉयलर बंद असतो आणि माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. एरवी या घरात भांडायचं तर ओरडून भांडावं लागे, आणि ओरडून केलेलं भांडण लवकर आटोपतं. न बोलता केलेल्या भांडणाचं तसं नसतं. थोरली आणि धाकटी या दोघी जावा गेले कित्येक दिवस एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या, आणि त्याचंच फळ म्हणून आज सगळं घर इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती जमलं होतं.

सासरे टेबलाच्या एका टोकाला उभे होते. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण या टेबलाशी ते आयुष्यभर उभेच राहिले होते, आता बसून बोलणं त्यांना जमेना. त्यांच्या शेजारी त्यांची बहीण बसली होती. ती शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या कपड्यांना कायम दुप्पट खळ लागायची म्हणून पोरांनी तिचं नाव कडकआत्या ठेवलं होतं, आणि ते आता तिच्या तोंडावरही चालत होतं. कुणाची बाजू घेणार नाही अशी तिची ख्याती होती. खरं तर ती सगळ्यांची बाजू घ्यायची, पाळीपाळीनं.

मोठ्या गोष्टींवरून अडलं नाही. थोरल्यानं इस्पितळाजवळचं नवं दुकान आणि इस्पितळाच्या चादरींचं काम घ्यायचं, त्या दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत राहायचं. धाकट्यानं जुनं दुकान, बॉयलर आणि घरोघरची गिऱ्हाइकं सांभाळायची. आई-वडील इथंच. टेम्पो आलटून पालटून. एवढं सगळं चहा निवायच्या आत ठरलं. मग घरातल्या सामानाची पाळी आली आणि दोन्ही भाऊ एका शिडीवरून पंधरा मिनिटं बोलत राहिले.

थोरली ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिचं लक्ष मागच्या खोलीच्या उघड्या दाराकडे होतं. तिथं सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर थोरलीची मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत. शेजारी कपड्यांच्या मोठ्या वेताच्या टोपलीत धाकटीचा मुलगा झोपला होता. त्याला सगळे ढोल्या म्हणत. दोघांत अंतर जेमतेम महिन्याभराचं, त्यातही चिमणी मोठी. बघणाऱ्याला ते सांगून पटत नसे.

चिमणी वेळेआधी जन्मली होती. तिच्या तोंडात ओढायचा जोरच नव्हता. थोरली तिला अंगाशी धरायची, ती दोनदा तोंड हलवायची आणि दमून झोपी जायची. मग इस्पितळातून एक यंत्र भाड्यानं आणलं. थोरली ते छातीला लावून बसायची, यंत्र घरघर करायचं, आणि शेवटी वाटीचा तळ झाकला गेला तरी नशीब. डब्याचं दूध देऊन बघितलं तर पोरीला उलट्या सुरू झाल्या, अंगावर चट्टे उठले, आणि घरी आलेली मुलगी परत इस्पितळात गेली. तेव्हापासून डब्याचं नावही काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि त्याच घरात धाकटी. तिला इतकं दूध यायचं की ढोल्या पिता पिता ठसकायचा. एक दिवस घरी पाहुणे बसलेले असताना धाकटी भरलेली बाटली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, माझं फुकट जातंय. चिमणीला देऊन बघ ना."

तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "बघा, मन किती मोठं आहे." तेवढं एक वाक्य त्या बोलल्या नसत्या तर आजची वाटणी कदाचित झाली नसती. थोरली म्हणाली, "माझ्या मुलीला आई आहे." धाकटीनं दोन क्षण तिच्याकडे बघितलं, सगळ्यांदेखत बाटली बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

पण त्यानंतर चिमणी वाढायला लागली. आधी गाल दिसायला लागले, मग मनगटाला वळी पडली. इस्पितळातल्या नर्सनं तिला काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं दूध लागू पडलं हो हिला. आहे तेच चालू ठेवा, काही म्हणजे काही बदलू नका." थोरलीनं हे वाक्य घरात सांगितलं, दारात सांगितलं, दुकानात शर्ट टाकायला आलेल्या अविवाहित माणसांनाही सांगितलं. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा पोटभर जेवावंसं वाटलं. आणि त्याच भरात तिनं नवऱ्याला सांगितलं, आता वेगळं राहू. पोर माझ्या जिवावर वाढतंय, मग रोज उठून हिचं तोंड कशाला बघायचं.

उद्या सकाळी टेम्पो भरायचा होता.

"फ्रिज," कडकआत्यानं विचारलं. "फ्रिज कुणाकडे?"

"इथंच राहू दे," थोरला म्हणाला. "आम्ही नवा घेतलाय."

"फ्रिज नको," थोरली म्हणाली, "पण त्यातल्या माझ्या बाटल्या तेवढ्या न्यायच्या आहेत."

"ने की. तुझ्या कोणत्या?"

"जांभळ्या दोऱ्याच्या."

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला धाकटी बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं काम करायची, त्यामुळे समोरच्याकडे रोखून बघायची तिला सवय होती. पण थोरलीकडे न बघता ती कडकआत्याकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, ताईंना सांगा, जांभळ्या दोऱ्याच्या बाटल्या माझ्या आहेत."

गेले कित्येक दिवस दोघींचं बोलणं असं तिसऱ्या माणसाच्या अंगावरून चाललं होतं. तिसरं माणूस नसलं की टोपलीतल्या ढोल्याला सांगितलं जाई.

"आत्याबाई," थोरली म्हणाली, "तिला सांगा, पहिल्या दिवसापासून माझ्या बाटल्यांना जांभळाच दोरा आहे. आईंनी माझ्यासमोर बांधलाय."

"माझ्यापण समोरच बांधलाय."

"एक मिनिट," कडकआत्या म्हणाली. तिनं उठून मागच्या खोलीतला फ्रिज उघडला, सगळ्या बाटल्या एका ट्रेमध्ये घातल्या आणि ट्रे आणून टेबलावर ठेवला. लहान लहान काचेच्या बाटल्या, झाकणं लावलेल्या, आणि झाडून सगळ्यांच्या गळ्यात जांभळा दोरा. दुसऱ्या रंगाची एकही नव्हती.

थोरलीनं बाटल्यांकडे बघितलं. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण सासऱ्यांना कळलं. त्यांनी हळूच खुर्ची ओढली आणि ते बसले.

लॉन्ड्रीत खुणेशिवाय चालत नाही. गावभरचे कपडे एका पाण्यात जातात, तेव्हा कुणाचं काय ते ओळखायला कॉलरच्या आत किंवा शिवणीत रंगीत दोऱ्याचा टाका घालायचा. सासऱ्यांचा यात एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता: खूण घराची, माणसाची नाही. माणसागणिक खूण घातली की गठ्ठे फुटतात. बापाचा शर्ट, पोराची चड्डी, सुनेचा ड्रेस, सगळ्यांना एकच रंग. गठ्ठा घरी गेला की ज्याचं त्यानं ओळखून घ्यावं. घर फुटलं तरच दुसरा दोरा. म्हणून गावातले घटस्फोट वकिलाच्या आधी या दुकानाला कळायचे. आणि या दुकानाचं स्वतःचं जे घर होतं, त्याचा दोरा जांभळा होता.

"आई," धाकट्यानं दाराकडे बघून विचारलं, "या बाटल्या कुणाच्या?"

"दोघींच्या," सासूबाई म्हणाल्या.

"दोघींच्या म्हणजे?"

"दोघींच्या म्हणजे दोघींच्या. आपल्या घरच्या. त्या फ्रिजमध्ये कामगारांचं चहाचं दूध असतं, कुणाचे डबे असतात. आपलं कुठलं ते कळायला नको?" त्यांनी चिमणीला खांद्यावर घेतलं आणि त्या दाराशी आल्या. "सकाळी ही कामावर जाताना बाटल्या देते, तू दुकानावर जाताना देतेस. मी दोरा बांधते आणि ठेवते. जी आधी आली ती आधी काढायची. कपड्यांचं करतो तसंच."

"आणि चिमणीला?" थोरलीनं विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिनं टेबलाची कड धरली होती. "चिमणीला कोणती देता?"

"हाताला येईल ती."

"रोज?"

"रोजच. पोरं काय एक दिवसाआड जेवतात?"

कडकआत्यानं आयुष्यभर शाळेत चोऱ्या पकडल्या होत्या; तिला गप्प बसवेना. "हिचं वजन वाढायला लागलं ते कधीपासून?" तिनं विचारलं.

"ती परत कामावर जायला लागली ना," थोरला धाकटीकडे बोट दाखवून म्हणाला, "साधारण तेव्हापासून."

थोरला प्रामाणिक माणूस होता. प्रामाणिक माणसाला गप्प कधी बसायचं हे बायकोनं शिकवावं लागतं, आणि थोरलीचं ते शिकवणं राहून गेलं होतं.

धाकटी हसली. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "म्हणजे नर्स म्हणत होती ते..." ती म्हणाली आणि थांबली. राहिलेलं वाक्य प्रत्येकानं आपापल्या मनात पुरं केलं.

थोरलीला आधी लाज वाटली. दुकानात आलेल्या त्या शर्टवाल्यांची तोंडं तिला एकेक करून आठवली. मग तिला राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती सासूबाईंना म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत होते तेव्हा तुम्ही ऐकत होता."

"ऐकत होते."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? धुताना मी कधी विचारते का, शर्ट कुणाचा नि पँट कुणाची? दोन पोरं भुकेली होती, दोघांना पाजत होते. तुझं खोटं नव्हतंच ना. तुझंही दूध होतंच की त्यात."

"होतंच की," थोरली म्हणाली. हे सगळ्यात जास्त लागलं.

"असू दे आता," थोरला म्हणाला. "पोरगी धडधाकट झाली ना. कुणाच्या का होईना."

"मग यातल्या कोणत्या कुणाच्या?" कडकआत्यानं विचारलं. वाटणीला आली होती, वाटणी केल्याशिवाय ती उठणार नव्हती. तिनं एक बाटली उजेडाकडे धरली. "ही जरा दाट आहे."

"माझं दाट असतं," धाकटी म्हणाली.

"माझंही असतं," थोरली म्हणाली. असतं की नसतं हे तिला माहीत नव्हतं. बाटली भरेल एवढं एका वेळी तिला कधी आलंच नव्हतं, बघणार कुठून.

कडकआत्यानं बाटली धाकट्याकडे दिली. कपड्यावरचा डाग चहाचा की कॉफीचा हे तो नुसत्या नजरेनं सांगायचा, या कामात त्याचा हात कुणी धरत नसे. त्यानं बाटली फिरवून बघितली, वहिनीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि ती जिथल्या तिथं ठेवून दिली.

"मला यातली एकही नको," थोरली म्हणाली.

"आणि चिमणीला?" थोरल्यानं विचारलं.

नर्स म्हणाली होती काही बदलू नका. डब्याचं दूध पोरीच्या जिवावर उठतं. उद्या गावाच्या त्या टोकाला गेल्यावर चिमणीला पाजायला राहणार ते वाटीच्या तळाएवढं दूध, आणि मनगटाची ती वळी किती दिवस टिकेल हे सांगायला नर्सची गरज नव्हती.

"जाणं महिनाभर पुढं ढकलू," थोरला म्हणाला. "सहा महिने ढकलू. काय आग लागलीये?"

"माझ्यासाठी थांबायला नको," धाकटी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "आत्याबाई, ताईंना सांगा, मी एकदा स्वतः होऊन विचारलं होतं. आता मी विचारणार नाही. पण कुणी मागितलं तर नाही म्हणणार नाही."

"ऐकलंस?" कडकआत्या थोरलीला म्हणाली.

थोरलीनं ऐकलं होतं. मागायचं. सासरी आल्यापासून तिनं या घरात कुणाकडे पाण्याचा पेलाही मागितला नव्हता. त्याचाच तिला अभिमान होता. धाकटी थोडा वेळ थांबली, मग गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून जिना चढून गेली. रविवारचे कपडे वाळायला अजून बराच अवकाश होता.

मागच्या खोलीत ढोल्या जागा झाला. त्याच्या आवाजानं चिमणी सासूबाईंच्या खांद्यावर चुळबुळायला लागली.

"भुकेची वेळ झाली दोघांची," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग टेबलाभोवती बघितलं. "आता तुम्हीच सांगा, कोणती उघडू."

कुणी सांगेना. थोरला बायकोच्या तोंडाकडे बघतोय, धाकटा छताकडे. कडकआत्या म्हणाली, "ठरल्याशिवाय कशी उघडायची?"

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चिमणीला थोरलीच्या हातात दिलं. "मग तुमचं ठरू दे. मी बाहेर जाऊन येते जरा." आणि पायात चपला घालून त्या खरंच रस्त्यावर निघून गेल्या. त्या लॉन्ड्रीच्या पुढच्या दारातून एकट्या कधी बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सासरे उठून काही न बोलता त्यांच्या मागोमाग गेले.

थोरली चिमणीला घेऊन मागच्या खोलीत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. बाहेर भावाभावांचं परत शिडीवर आलं.

खोलीत घडी घातलेल्या चादरींचे ढीग छातीएवढे उंच होते. खिडकीखाली बाकावर ती बसली, गळ्याची बटणं काढली आणि चिमणीला जवळ घेतलं. चिमणीनं तोंड लावलं, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा अर्धवट ओढलं आणि वर बघत पडून राहिली. तिला रडायचीही घाई नसायची. ही पोरगी माझ्यावर रागावत पण नाही, असं थोरलीच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरले.

टोपलीत ढोल्यानं तोवर आकाशपाताळ एक केलं होतं. त्याला वाट बघायची सवय नव्हती. थोरलीनं दाराकडे बघितलं. गच्चीवर ऐकू जात नव्हतं, आणि बाहेरच्या दोघा पुरुषांना ऐकू येऊनही कळत नव्हतं. शेवटी तिनं चिमणीला चादरींच्या एका बुटक्या ढिगावर भिंतीकडेला ठेवलं आणि ढोल्याला उचललं. नुसतं गप्प करायला. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं.

ढोल्याच्या मनात होतं. त्यानं तिच्या खांद्यावर नाक घासलं, मान फिरवली, उघड्या गळ्याशी तोंड नेलं आणि तिला काय होतंय ते कळायच्या आत धरलं.

थोरली दचकली. तिला माहीत होती ती यंत्राची ओढ. घर्र, थांब, घर्र, थांब. त्या वेळी ती समोरच्या भिंतीवरचे पोपडे बघत बसायची. ही ओढ निराळी होती. यात गडबड होती, धसमुसळेपणा होता, आणि मधेच थांबून तो वर बघत होता, माणूस नेहमीचं नाही हे त्याला दिसत होतं, पण तेवढ्यासाठी जेवण सोडायचा त्याचा विचार नव्हता. तिनं त्याला बाजूला करायला हात उचलला. हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला.

मग छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं, कळ आल्यासारखं, आणि सैल झालं. ढोल्याच्या ओढण्याचा आवाज बदलला. तो आता घुटके घ्यायला लागला. थोरलीला वाटलं, मांडीवर पाणी सांडलंय. तिनं खाली बघितलं तर दुसऱ्या बाजूनं कपडा भिजत होता. ओला डाग वाढत वाढत कमरेपर्यंत आला. असं होतं हे तिनं बायकांकडून ऐकलं होतं. धाकटीच्या ड्रेसवर बघितलंही होतं, आणि तेव्हा तिचा फार राग आला होता. आता ती त्या ओल्या कपड्याकडे बघत बसली. तिला आनंद झाला होता, आणि आपल्याला आनंद झालाय याचं तिला नवल वाटत होतं.

दार उघडलं. हातावर अर्धवट ओल्या कपड्यांचा ढीग घेऊन धाकटी आत आली, आणि तिथंच थांबली.

सांगायला तिसरं माणूस नव्हतं. होती ती दोन पोरं, त्यातल्या एकाचं तोंड भरलेलं.

"त्याला भूक लागली होती," थोरली म्हणाली.

"दिसतंय," धाकटी म्हणाली. तिनं दार लावलं, कपडे टोपलीत टाकले. मग पुढं येऊन तिनं वाकून बघितलं, डोळे तपासताना बघते तसं, अगदी जवळून. "येतंय?"

"येतंय."

"खूप?"

"मला काय माहीत, खूप म्हणजे किती."

बाहेर थोरला म्हणत होता की शिडी त्यानं आणली होती, आणि धाकटा म्हणत होता की रंग त्यानं दिला होता.

"उद्या आम्ही जाणार," थोरली म्हणाली. "ते ठरलंय ते ठरलंय. एका घरात आपलं पटायचं नाही."

"नाही पटायचं."

"पण हा मला लागेल."

"कोण?"

"हा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. यंत्रानं असं होत नाही, आणि हिच्यात अजून तेवढा जोर नाही. हा ओढेल तर मला येईल." ती ढोल्याच्या डोक्याकडे बघत बोलत होती. मग तिनं मान वर केली. धाकटीकडे सरळ बघून बोलायचं तर ते आत्ताच, नाहीतर कधीच नाही, हे तिला कळत होतं. "आणि तोवर तुझं दूध लागेल. चिमणीला. मी मागतेय."

धाकटीच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मोठ्या मनाचं नव्हतं. जिंकल्याचं होतं, आणि थोरलीनं ते बघितलं. बघून घेतलं आणि सोडून दिलं. ते पचवण्याखेरीज इलाज नव्हता.

"सकाळी कामावर जाताना आणीन त्याला," धाकटी म्हणाली. "बाटल्याही तेव्हाच देईन. रस्त्यातच आहे."

चष्म्याचं दुकान इस्पितळाच्या अगदी उलट दिशेला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. थोरलीला ते माहीत होतं. "रस्त्यातच आहे," ती म्हणाली.

धाकटी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघींच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती आणि ती कमी करायची घाई कुणालाच नव्हती. तिनं चादरींवरून चिमणीला उचललं, हातावर तोलून बघितलं आणि जवळ घेतलं. चिमणीनं तोंड लावलं नाही. ती धाकटीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. धाकटीनं बोटानं दाबून एक थेंब तिच्या ओठावर सोडला. चिमणीनं तो चाटला आणि परत बघायला लागली.

"ही नुसती बघतेय," धाकटी म्हणाली.

"बघू दे. तिला वेळ लागतो."

बाहेरून कडकआत्यानं हाक मारून विचारलं की बाटल्यांचं काय ठरलं. दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही. धाकटीनं आणखी एक थेंब सोडला. मग मान न वळवता ती म्हणाली, "ताई, आता दुसऱ्या बाजूला घे त्याला. एकाच बाजूला ठेवलंस तर दुसरीकडे गाठ धरेल, आणि उद्या फार दुखेल."

थोरलीनं ढोल्याला उचललं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं.